प्रश्नचिन्हांचा दाखला

बोरखिंडी नावाच्या गावात मुकिंदा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा असला तरी कामसू. त्याला कोणी "थांब" म्हटलं, तर "चल" म्हणेपर्यंत तो तिथून हलत नसे.

अशा माणसाला पंचायतीने कॉम्प्युटरवर बसवलं. सरपंच अण्णा लांब मिशांवरून हात फिरवत म्हणाले, "आपल्याला डोकं चालवणारा नको. सांगितलेलं ऐकणारा हवा."

तसा त्यांना मिळाला.

त्या वर्षी गावाचं जुनं रजिस्टर बंद होऊन सगळ्या नोंदी वेबसाइटवर गेल्या होत्या. नाव शोधायचं, बटण दाबायचं, दाखला बाहेर. मुकिंदाला बटण दाबायला फार आवडे.

सोमवारी तुळसा भगत आली. बारावी झालेली, नर्सिंगला निघालेली गावातली पहिली मुलगी.

"मुकिंदादादा, रहिवासी दाखला हवाय. शनिवारी दुपारी बाराच्या आत कॉलेजच्या वेबसाइटवर टाकला नाही, तर माझी जागा जाईल."

"जागा कशी जाईल? मी आहे ना," असं म्हणून मुकिंदाने बटण दाबलं.

दाखला आला. त्यावर लिहिलं होतं, 'दाखला देण्यात येतो की कु. ????? ????, राहणार ?????????'

"दादा, हे काय?"

"तुझं नाव. कॉम्प्युटरला माहीत नसेल, म्हणून विचारतोय."

तुळसाने कपाळावर हात मारला. मुकिंदाने तालुक्याला फोन लावला. तिथे कुलथे मॅडम होत्या. वीस गावांच्या कॉम्प्युटरची दुखणी त्या फोनवरून बरी करत.

"अहो, त्याला अक्षरं ओळखता येत नाहीयेत," मॅडम म्हणाल्या. "हे मराठी आहे, असं त्याला आधी सांगावं लागतं."

"सांगतो."

मुकिंदाने फोन बाजूला ठेवला. पडद्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाला, "हे मराठी आहे." पडद्यावर काही हाललं नाही. मग तो इतक्या जोराने ओरडला, की ओट्यावर बसलेली माणसं धावत आत आली.

"सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"दोनदा. ऐकत नाही."

मॅडम म्हणाल्या, "ते मी इथून बघते. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. प्रश्नचिन्हं दिसली, की तो कागद कोणाला द्यायचा नाही. फाडून टाकायचा."

मुकिंदाने वहीत लिहून घेतलं. तुळसाचा दाखला फाडला.

मंगळवारी मोहिते गुरुजी चाचणीची प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आले. "चाळीस प्रती काढ. मी चहा घेऊन येतो."

पहिली प्रत आली. 'सूर्य कोठे उगवतो? बेडूक कोठे राहतो?' मुकिंदाने मोजलं. एका कागदावर बारा प्रश्नचिन्हं. त्याने कागद फाडला. दुसरा आला, तोही फाडला. गुरुजी परतले तेव्हा चाळिसाव्या कागदाचे तुकडे होत होते.

"अरे गाढवा! प्रश्नपत्रिकेत प्रश्नचिन्ह नसेल तर काय असेल?"

"उत्तर, गुरुजी."

चाचणी रद्द झाली. पोरांनी मुकिंदाला दोन पेरू आणून दिले. गुरुजींनी मात्र थेट मॅडमना फोन लावला.

मॅडम मुकिंदाला म्हणाल्या, "वरवर पाहून ठरवत जाऊ नका हो. बाहेर लिहिलेलं दिसतं ते खरं असेलच असं नाही. आधी उघडायचं, आत मूळ काय आहे ते पाहायचं."

मुकिंदाने वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी तुळसा येऊन गेली. "दादा, दाखला?"

"आता आत पाहायला सांगितलंय," मुकिंदा म्हणाला. तुळसाला थोडा धीर आला. येऊ नये तेव्हाही माणसाला धीर येतो.

बुधवारी अण्णांनी त्याच्याकडे पाच बंद पाकिटं दिली. गटाराच्या कामाच्या निविदा होत्या. "शुक्रवारी सगळ्यांसमोर फोडायच्या. तोवर नीट सांभाळ."

पाकिटांवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'उघडू नये.'

मुकिंदाने वही पाहिली. बाहेर लिहिलेलं खरं असेलच असं नाही. त्याने पाचही पाकिटं फोडली. चारांत कागद नीट भरलेले होते. पाचवं अण्णांच्या मेव्हण्याचं. त्यात कोरा कागद.

मुकिंदाला वाईट वाटलं. तो पाकीट घेऊन ओट्यावर गेला. तिथे अण्णा दहा माणसांत बसले होते.

"अण्णा, तुमचे मेव्हणे आकडा लिहायचा विसरले. बाकीच्या चौघांचा पाहून भरून टाकू का?"

अण्णांना एकाएकी ठसका लागला. दहाही माणसं आभाळाकडे पाहू लागली. एक जण म्हणाला, "भर की बाबा. दर वर्षी कोण भरतं मग?"

ठसका थांबल्यावर अण्णा ओरडले, "तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं?"

"मी नाही चालवलं, अण्णा. वहीत आहे."

गुरुवारी मॅडमचा फोन आला. "दोष सापडला. तुमच्या गावाच्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात. वेबसाइटला तो कळत नाही. आता युनिकोड निवडा आणि तुळसाचं नाव नव्याने टाइप करा."

मुकिंदाने एका बोटाने टाइप केलं. तुळसा शेजारी श्वास रोखून उभी होती. पडद्यावर आलं, 'तुळसा भगत'. उकार, काना, सगळं जागेवर.

"आलं! बाकीचं भरून झालं की शनिवारी दाखला न्यायला येते." तुळसाने टाळी वाजवली आणि ती बॅग भरायला घरी पळाली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "एका ठिकाणी जे बरोबर आलं, तेच आता सगळीकडे करा. एकही प्रश्नचिन्ह राहता कामा नये. आणि कृपा करून स्वतःच्या मनाचं काही घालू नका."

मुकिंदाने वहीत लिहून घेतलं. मग पडद्याकडे पाहिलं. अख्ख्या गावात बरोबर आलेली गोष्ट एकच होती. त्याने ती उचलली आणि सगळीकडे घालायला सुरुवात केली. शुक्रवारी तो जेवायलाही उठला नाही. मनाचं एक अक्षर घातलं नाही.

शनिवारी सकाळी अकराला तुळसा आली. मुकिंदाने ऐटीत बटण दाबलं.

'दाखला देण्यात येतो की कु. तुळसा भगत, वडिलांचे नाव तुळसा भगत, आईचे नाव तुळसा भगत, राहणार तुळसा भगत, तालुका तुळसा भगत. सही, तुळसा भगत, सरपंच.'

तुळसाने दाखला दोनदा वाचला. "दादा, अरे, माझा बापही तुळसा?"

"एक तरी प्रश्नचिन्ह दाखव," मुकिंदा म्हणाला.

मॅडमचा फोन लागेना. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. शेवटी तुळसाने डोळे मिटून तोच दाखला कॉलेजच्या वेबसाइटवर टाकला.

कॉलेजचा कॉम्प्युटरही मुकिंदाच्याच जातकुळीतला निघाला. त्याला सांगितलं होतं, नाव जुळतं का ते पाहा. त्याने पाहिलं. वर तुळसा भगत, खाली तुळसा भगत, मध्ये तुळसा भगत. इतका जुळणारा दाखला त्याने जन्मात पाहिला नव्हता. हिरवी खूण आली. 'प्रवेश मंजूर.'

तुळसा आधी रडली, मग हसली.

पण त्या कॉम्प्युटरला आणखीही एक सांगितलेलं होतं. मंजूर झालेलं नाव गावाच्या यादीत शोधायचं आणि सापडेल तिला पिनकोड आणि घर नंबर पाहून पत्र धाडायचं. त्याने शोधलं. एकवीसशे सत्तेचाळीस सापडल्या.

पुढच्या गुरुवारी पोस्टमन पत्रांची पोती घेऊन आला. अण्णांनी आपलं पत्र फोडलं. 'कु. तुळसा भगत हिने सोमवारी सकाळी आठ वाजता पांढऱ्या गणवेशात, केसांच्या दोन वेण्या घालून मुलींच्या वसतिगृहात हजर राहावे.'

"मुकिंदा!" अण्णा गरजले. त्यांनी टोपी काढली आणि टकलावरचा घाम पुसला.

मुकिंदाने पत्र वाचलं. अण्णांचं डोकं पाहिलं. त्याला खरोखर काळजी वाटली. त्याने लगेच फोन लावला.

"मॅडम, बाकी सगळं गाव तयार आहे. त्रेचाळीस एसट्या सांगितल्यात. फक्त अण्णांच्या डोक्यावर केस नाहीत. मिशांच्या दोन वेण्या घातल्या तर चालतील का?"