वेणूचा अकरावा आकडा

तेरणाकाठच्या करंजवाडीच्या मठात निर्मळबुवा महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराजांचा जीव लेकरांत फार! मोठी माणसे दर्शनासाठी ताटकळत, आणि महाराज मात्र कुणा रांगत्या पोराशी "अगं बाई, असं का?" करीत बसत.

त्याच गावात सगुणा परटीण राही. आयाबाया शेतावर गेल्या की त्यांची लहानगी घाटावर तिच्यापाशी असत. धुता धुता ती त्यांच्याशी अखंड बोले. "हे काय रं? लुगडं. कसं हाय? वलं." मुले घड्या मोजत, कापडाच्या कोपऱ्यातली बिब्ब्याची खूण पाहून ते कुणाच्या घरचे ते सांगत. घरी निघताना रांगेने एकेकाने आपला आकडा म्हणायचा, हा तिचा नेम.

गावचे पंतोजी विसोबापंत हसत. "परटिणीने कपडे धुवावेत, लेकरांची डोकी नव्हेत!"

पण दिव्याखाली अंधार! पंतोजींचीच चार वर्षांची नात वेणू एक अक्षर बोलत नव्हती. धूळपाटीपुढे बसवून "बोल, बोल!" म्हणत त्यांनी छडी आपटली, तशी पोर आणखीच मिटली. सून रडत महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "बाळे, तिला सगुणेकडे धाड." पंतोजी चरफडले, पण महाराजांचा शब्द कोण मोडणार?

सगुणेकडे दहा मुले होती, वेणू अकरावी झाली. दहांचे आकडे झाले की सगुणा वेणूच्या डोळ्यांत पाहत थांबे. वेणू गप्प. मग तिचा गाल कुरवाळून सगुणा म्हणे, "उद्या म्हण हां, बाय." असे दोन महिने चालले!

"अगं, मुकीपुढे कसली थांबतेस? गाढवापुढे वाचली गीता!" पंतोजी एकदा पायरीवरून म्हणाले.

"तिच्या वाटचं म्या बोलले, पंत, तर ती कवा बोलंल?" सगुणा म्हणाली.

श्रावणात एका दुपारी वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि नदीला एकाएकी लोंढा आला. सगुणेने मुले ओढत वर नेली, घाईघाईने आकडे घेतले. दहा झाले, आणि पुढे वेणू नव्हती! लोक धावले. समोर पाणी चढत होते आणि काठाला पुरुषभर उंच लव्हाळे. शोधायचे कुठे? पंतोजींनी ऊर बडवला. "मुकी लेक माझी, हाक तरी कशी देईल!"

सगुणेने मठाच्या दिशेने हात जोडले. "महाराज, तुमच्या शब्दावर लेकरू ठिवलं होतं वो!" मग सारा जीव गोळा करून ती ओरडली, "दहा झाले गं, वेणू!"

आणि ती थांबली.

लव्हाळ्यातून कोवळा आवाज आला, "अकरा!"

माणसांनी त्या रोखाने उड्या घेतल्या. गळ्याइतक्या पाण्याच्या ओढीत वेणू उभी होती, कुणीतरी दंडाला घट्ट धरावे तशी. जवळ कुणीच नव्हते.

त्याच घटकेला मठात काय झाले, भाविकहो! बसल्या जागी महाराजांचा उजवा हात खांद्यापर्यंत ओलाचिंब झाला. नखांत नदीचा गाळ होता.

हे कळताच पंतोजी नातीला आणि सगुणेला घेऊन मठात आले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "पंत, मी नुसता हात धरला. आवाज या माउलीने फोडला." पंतोजी सगुणेपुढे वाकले, तशी ती मागे सरली. "अवो, उठा की! पाप लावता व्हय मला?"

मग पंतोजी वेणूसमोर बसले. 'बोल' हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. ते थांबले. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी थांबले. बऱ्याच वेळाने वेणूने चिमुकल्या हाताने त्यांचे गाल पुसले.

"आबा, रडू नको."

पंतोजींनी त्या एवढ्याशा पावलांवर डोके ठेवले.