कोरडा माठ

पूर्वी मंदारपुरात श्रुतंजय राजाचा अंमल चालू असताना बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमिल. मंदारपुरात साधूंना तोटा नव्हता. पण वेणुमती नदीच्या काठी राहणाऱ्या वारुणेय तापसापुढे बाकीचे सगळे संसारी वाटत. हा तापस तेरा वर्षे नुसत्या पाण्यावर जगत होता. तेवढ्या अवधीत त्याचे पोट थोडे पुढे आले होते. पण ते प्राणायामामुळे, असे त्याचा शिष्य ऋजुक सांगे, आणि मंदारपुरातल्या लोकांना प्राणायामातले फारसे कळत नव्हते.

तापसाच्या पाण्याचा माठ सोमिलच्या चाकावरून जाई. दर पौर्णिमेला नवा माठ वेळूच्या कुंपणाबाहेर ठेवायचा, नमस्कार करायचा आणि मागे सरायचे. जुना माठ ऋजुक स्वतः नदीत बुडवी. तापसाचे भांडे दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, असा तिथला नेम होता. या नेमाने सोमिलची भरभराट झाली. तापस ज्याच्या माठातले पाणी पिऊन जगतो, त्याचाच माठ प्रत्येकाला हवा असे. राजवाड्यातही तोच जाई. सोमिलला त्याचा अभिमान वाटे. चाक फिरवता फिरवता तो आपल्या धाकट्या बहिणीला म्हणे, "भद्रे, आपली माती बघ कशी आहे! हिच्या पाण्यावर माणूस तेरा वर्षं जगतो."

भद्रेने ते खरे मानले. तिचा नवरा नावाडी होता आणि आदल्या वर्षीच्या पुरात गेला होता. मन निर्मळ ठेवून चाळीस दिवस पाण्यावर राहिले की गेलेले माणूस एकदा दिसते, असे तापसाने प्रवचनात सांगितले होते. भद्रेने भावाचाच एक माठ उशाशी घेतला आणि अन्न सोडले.

एकविसाव्या दिवशी तिला पाण्याचा पेलाही उचलवेना.

"थोडी पेज तरी घे," सोमिल म्हणाला.

"दादा, बाबा तेरा वर्षं राहिले. मी एकवीस दिवसांत पडले. माझ्याच मनात कुठंतरी घाण असणार. ती निघू दे."

"वैद्य म्हणतो, आणखी तीन दिवस काढलेस तरी पुष्कळ."

"वैद्य दोन वेळा जेवतो, दादा. त्याला काय कळतं?"

आता ही एका तापसाचेच ऐकेल, असे सोमिलला वाटले. त्याने जेव म्हणून आज्ञा केली की झाले. तो भर दुपारी नदीवर गेला. ऋजुक स्नानाला उतरला होता. सोमिलने आयुष्यात पहिल्यांदा कुंपण ओलांडले.

झोपडीत तापस भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. शेजारी वाळूच्या ओट्यावर माठ होता. कुंभाराचा हात आधी मडक्याकडे जातो, सोमिलचाही गेला. माठ कोरडा होता. खालची वाळूही कोरडी. वैशाखाचे ऊन, बारा दिवसांचा नवा माठ, तो तर पाझरून थंडगार हवा. दूधतुपाने छिद्रे बुजलेला माठच असा कोरडा राहतो. सोमिलने झाकण उचलले. आत खीर होती. दाट, वर सायीचा थर आणि त्यात चारोळ्या.

माठ पाझरला नव्हता. सोमिलच्या कपाळावरून मात्र धारा लागल्या. तेरा वर्षे दर पौर्णिमेला त्याने याच खिरीसाठी माती मळली होती.

तापसाने डोळे उघडले. तो दचकला नाही. "काय हवंय बोल," तो हलकेच म्हणाला. "राजाकडून मिळवून देतो."

"माझी बहीण एकवीस दिवस पाण्यावर आहे. तुमचं ऐकून."

"असेल," तापस हसला. "तिचं कुठं असतं झाकलेलं?"

"काय झाकलेलं?"

"अरे, खायचं."

"तिनं काही झाकलेलं नाही, बाबा. ती मरायला टेकली आहे."

तापसाचे हसू तोंडावरच थिजले. "म्हणजे... खरंच काही खात नाही?" तो उठून उभा राहिला. "मला वाटलं, सगळे आपापल्या घरी कुठंतरी ठेवत असतील. माझ्यासारखंच." आपले बोलणे कुणी जसेच्या तसे खरे मानील, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातच आले नव्हते.

"मी सांगून तिला पटणार नाही," सोमिल म्हणाला. "तुम्ही चला. तिच्यासमोर जेवा."

"लोक मला दगडांनी मारतील! आणि तुझे माठ? उद्यापासून कोण घेईल ते?"

सोमिलच्या डोळ्यांपुढे भरलेली भट्टी आली, राजवाड्याची गाडी आली. मग तो म्हणाला, "माती कुठं जात नाही, बाबा. बहीण चालली आहे."

तापसाने माठ स्वतःच्या हाताने उचलला. कुंपणाशी ओल्या अंगाने ऋजुक आडवा आला. "गुरुजी, हे काय! दिवसाढवळ्या?" पण गुरुजी थांबले नाहीत. तेरा वर्षांनी तापस गावात शिरलेला पाहून लोक मागे लागले.

सोमिलच्या अंगणात, भद्रेच्या अंथरुणाशी बसून तापसाने खिरीचा घास तोंडात घातला. लोकांनी श्वास रोखला.

"मी तेरा वर्षं रोज हेच खात आलो आहे," तो मोठ्याने म्हणाला.

मग एका श्रेष्ठीच्या बायकोने हंबरडा फोडला, "अगं बाई, काय ही करुणा! एका कुंभारणीसाठी बाबा स्वतःच्या माथी पाप घेतायत!"

सगळे अंगण दंडवत पडले.

"अहो, खरं सांगतोय!" तापस ओरडला.

"आणि विनय तरी केवढा!" एक म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला.

तापस सुन्न झाला. तेरा वर्षांचे खोटे सहज खपले होते आणि पहिले खरे बोलणे कुणी घ्यायला तयार नव्हते. भद्रेनेही हात जोडले. "बाबा, माझ्यासाठी खोटं नका बोलू. मी नाही खाणार."

माठ तिच्याजवळ सरकवून सोमिलने तिचा हात धरून माठावर ठेवला.

भद्राही कुंभाराचीच लेक. तिचे बोट माठाच्या पोटावरून बुडापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"दादा, हा पाझरत नाही."

"नाही."

"नवा आहे?"

"याच पौर्णिमेचा."

तिने तापसाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. भोवती जयजयकार चालूच होता. मग ती पुटपुटली, "म्हणजे माझ्या मनात घाण नव्हती."

आणि ती रडू लागली. रडता रडताच म्हणाली, "दादा, मला पेज दे." आणि थोड्या वेळाने, "बाबा, तुम्ही संपवा ती खीर. आज उजेडात जेवताय, सावकाश जेवा."

भद्रा जगली. पाण्यावर जगणारा तापसच उरला नाही, म्हणून राजवाड्याने माठ दुसरीकडून आणायला सुरुवात केली. तापस सोमिलकडेच माती तुडवायला राहिला आणि दोन वेळा सर्वांसमोर जेवू लागला. ऋजुकाने दुसऱ्या नदीवर दुसरा तापस शोधला.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर एक भिक्षू बसला होता. त्याचे चीवर बाहेरून फाटके होते, पण आतून मऊ लोकरीचे. त्याच्या वैराग्याने भारावून एका उपासिकेने आपली सगळी पांघरुणे वाटून टाकली होती आणि ती थंडीने आजारी पडली होती. तीही तिथेच होती. शास्ता म्हणाले, "त्या वेळचा तापस हा भिक्षू होता. भद्रा ही उपासिका. ऋजुक म्हणजे याचे चीवर शिवणारा याचा सोबती. अंगणात दंडवत पडलेले लोक तेच आहेत, ते फारसे बदललेले नाहीत. आणि सोमिल कुंभार मी होतो."

भिक्षू उठला. त्याने चीवर काढले, सर्वांदेखत उलटे केले आणि लोकर बाहेर ठेवून ते त्या उपासिकेच्या पायांशी ठेवले.

बोधिसत्त्वाने त्या जन्मी करुणेपोटी जी आचरली, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या गुणाची पूर्णता.