घटकेचे पाच राखणदार

खूप खूप वर्षांपूर्वी एका गावात एक आजोबा राहत. कुणाचेही लग्न असो, मुहूर्ताची घटका मोजायला तेच बसत. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली; मुहूर्ताची घटका भरली की आजोबा घंटेवर टोला देत आणि अक्षता पडत. नजर हलली, तर मुहूर्त चुकलाच.

पण वय झाले आणि आजोबांना सारखे लघवीला जावे लागू लागले. जावे तर धार बारीक, परत येऊन टेकावे तर पुन्हा तीच घाई. त्यातून समोर सदा पाणी! लाजेने त्यांनी कुणाला सांगितले नाही. बाजारातल्या मुळीवाल्याकडून गुपचूप चूर्ण आणले. गुण येईना, म्हणून दुसरे आणले, मग तिसरे.

अशात लाडक्या नातीचे लग्न चार दिवसांवर आले. तिला उशीखालच्या पुड्या दिसल्या.

"आजोबा, तीन-तीन? पोटात भांडतील ना त्या!"

"तुला नाही कळायचं."

"मला नको, वैद्यबुवांना कळू दे. माझ्यावर अक्षता तुमच्याच टोल्यावर पडायला हव्यात."

आजोबा वैद्यबुवांकडे गेले आणि त्यांच्या कानाशी पुटपुटले. पण आजोबांना ऐकू कमी येई, त्यामुळे ते पुटपुटणे थेट ओसरीवर पोचले. तिथले चार म्हातारे एकदम म्हणाले, "या, या! आम्हीही त्याचसाठी आलोय!"

वैद्यबुवांनी नीट तपासले. "मूत्राशयाखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, ती वयाबरोबर वाढते. मुळीने कुणाला थोडं बरं वाटतं, पुष्कळांना काहीच नाही. न तपासता तीन पुड्या खाणं म्हणजे अंधारात दगड मारणं. त्या बंद करा, मी देतो ते घ्या. पण चार दिवसांत चमत्कार नाही व्हायचा."

आजोबांचा चेहरा उतरला. "मग नातीचा मुहूर्त?"

"आम्ही कशाला आहोत?" ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला. "पाचही जणांना एकदम थोडीच लागणार आहे!"

लग्नाच्या दिवशी घंगाळाभोवती पाच म्हातारे बसले. एक उठला की दुसरा ओरडे, "जा रे, मी बघतो!" सारा मांडव हसला, अंतरपाटामागे नवरीही हसली.

वाटी भरत आली, तेव्हा आजोबा नेमके परसात होते. "धावा हो, बुडतेय!" चौघे ओरडले. आजोबा धोतर सावरत आले आणि अगदी वेळेवर टोला दिला. अक्षतांचा पाऊस पडला.

पुढे औषधाने आजोबांना हळूहळू आराम पडला. वैद्यबुवांची ओसरी मात्र म्हाताऱ्यांनी भरून गेली, आणि आता तिथे कुणी पुटपुटत नसे.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, लपवलेल्या दुखण्याला नुसत्या पुड्या मिळतात. सांगितलेल्या दुखण्याला औषधही मिळते आणि सोबतीही.