पेल्याबाहेरचं पाणी

“...पण सर, उणीव कुठे राहिली, एवढं तरी सांगा.”

देशकर सर खिडकीबाहेर पाहत होते. हातातला चहा निवून गेला होता.

हर्षला इखार उत्तराची वाट पाहत उभी राहिली. बी.एड.च्या वर्गात तिच्यासारखा पाठ कोणी घेत नाही, असं सगळेच म्हणत; मनातल्या मनात तीही म्हणे. आज गावातल्या शाळेत सातवीच्या वर्गावर तिचा सराव पाठ होता. विषय साधा. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम का येतो? हवेतली वाफ गार पेल्याला लागते आणि तिचं पाणी होतं, हे तिने मुलांकडूनच वदवून घेतलं. प्रश्न नेमके, फळा देखणा, वर्ग हसरा. शेवटी मुलांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि मागच्या बाकावरून पाठाचं निरीक्षण करणारे तिचे मार्गदर्शक, देशकर सर, एक अक्षर न बोलता उठून शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले होते.

“मुलांना समजलं, सर. प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांचे हात वर होते.”

“हो. पाहिले मी.”

“मग...?”

सरांनी कप खाली ठेवला. पुढच्या तासाला त्या वर्गावर कोणी आहे का, अशी चौकशी केली. कोणी नव्हतं. वर्गशिक्षक डेहनकर गुरुजी म्हणाले, खुशाल घ्या तास, आमच्या मुलांचं नशीब.

“चला,” सर हर्षलाला म्हणाले. “आता तुम्ही मागे बसा.”

ती हरखली. जिल्ह्यातले कितीतरी शिक्षक सरांच्या हाताखालून गेले होते, पण त्यांना स्वतः पाठ घेताना तिच्या वर्गातल्या कोणीच पाहिलं नव्हतं.

सरांनी तिचाच पेला उचलला. तिच्याच थर्मासमधला बर्फ त्यात टाकला. तिच्याच प्रश्नाने सुरुवात केली, तिच्याच सुरात. ती थांबली होती तिथे थांबले, ती “शाब्बास” म्हणाली होती तिथे “शाब्बास” म्हणाले. सर आपला पाठ उचलतायत, या विचाराने तिला आतून गुदगुल्या झाल्या.

मग त्यांनी विचारलं, माठ बाहेरून ओला का होतो? पाणी पाझरतं म्हणून, मुलं म्हणाली. कशातून पाझरतं? बारीक छिद्रांतून. शाब्बास. मग या पेल्याला...?

वर्ग जरासा घुटमळला. सर हसले. भुवया उंचावून त्यांनी नुसती मान हलवली.

पहिल्या बाकावरच्या मुलाचा हात वर गेला.

“सर, पेल्याले पण छिद्रं असतात. डोळ्याले दिसत नाहीत अशी.”

“उत्तम.”

हर्षलाने मान उंचावून पाहिलं. हाच मुलगा. हवेतल्या वाफेचं उत्तर मघाशी यानेच दिलं होतं.

आधी तिला वाटलं, वयामुळे सरांचा गोंधळ झाला. पण त्यांचा चेहरा शांत होता, आणि पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की गोंधळ नव्हता. सर ठरवून करत होते. त्यांनी सुबक अक्षरात फळ्यावर लिहिलं, पेल्यातले पाणी सूक्ष्म छिद्रांतून पाझरते. वर्गाने ते एका आवाजात वाचलं. मग वह्यांत उतरवलं, तिने लिहून दिलेल्या वाक्याच्या अगदी खाली. एकही पेन्सिल अडखळली नाही.

टाळ्या वाजल्या. तिच्या पाठाला वाजल्या होत्या, तेवढ्याच.

व्हरांड्यात येताच तिने सरांना गाठलं.

“सर, तुम्ही धडधडीत खोटं शिकवलंत.”

“हो.”

“लहान आहेत हो ती. जन्मभर तेच धरून बसतील.”

“मग तुम्ही उठला का नाहीत?”

“तुम्ही... सर आहात,” ती म्हणाली. आणि स्वतःचेच शब्द ऐकून थिजली.

सर चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले.

ती तशीच वर्गात परतली. सरांनी आत्ता सांगितलं ते चूक आहे, आपण आधी सांगितलं तेच बरोबर, असं तिने स्पष्ट सांगितलं. समजलं का?

“हो मॅडम!” वर्ग एका आवाजात म्हणाला.

तोच आवाज. तोच हसरा वर्ग. काहींनी लगेच खोडरबरही हातात घेतलं.

तिच्या पाठाच्या टाचणात याच्यापुढचं काही नव्हतं. ती नुसती उभी राहिली. मुलं चुळबुळली, मग गप्प झाली.

खिडकीपाशी वेणू कुमरे नावाची मुलगी बसली होती. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती हळूच उभी राहिली.

“मॅडम, मंग तुमचं तरी खरं कशावरून?”

दारात उभे असलेले डेहनकर गुरुजी तिला दटावायला पुढे झाले. हर्षलाने हात वर करून त्यांना थांबवलं. पुस्तकात तसं दिलंय, एवढंच जिभेवर आलं, आणि ते तिने गिळलं.

“कसं ओळखायचं?” तिने विचारलं. तिला खरंच विचारायचं होतं.

वेणूने बराच विचार केला. मग म्हणाली, पेल्यातल्या पाण्यात रंग टाका.

कोणीतरी रंगपेटी काढली. पाणी निळं झालं. पेला बाहेरून कोरडा पुसला आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला. थेंब धरले... नितळ, बिनरंगी. हर्षलाच्या जिवात जीव आला. बघा, ती म्हणणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरचा तो मुलगा बोलला.

“पण मॅडम, माठातलं गढूळ पाणी पण बाहेर साफच पाझरते. रंग आतच अडकला असंन.”

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

वर्गात दोन तट पडले. कोणी म्हणे, पेल्यात कोमट पाणी भरून बघू. कोणी म्हणे, पाणी नकोच, नुसता गार दगड ठेवू. हर्षलाने मध्ये काही सांगायचा प्रयत्न केला, तर वेणूच तिला म्हणाली, तुम्ही सांगू नका, दाखवा. घंटा झाली तरी कोणी दप्तर उचललं नाही. एवढा गलका या वर्गात कधी झाला नव्हता, असं गुरुजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा सर पायरीवर बसले होते. आतला आवाज इथवर येत होता.

“सर, ही मुलं आता तुमच्यावर विश्वास ठेवायची नाहीत.”

“आणि तुमच्यावर?”

ती मागे वळून वर्गाकडे पाहत राहिली...

“माझ्यावरही नाही.”

सर उठले. चपला पायात सरकवल्या.

“मग उद्यापासून शिकवायला लागा.”