सावळ्याची पुसाई

फार फार वर्षांपूर्वी, या नदीकाठचं जंगल इतकं दाट होतं की भर दुपारी वाट सापडायची नाही, तेव्हाची ही गोष्ट. आज ज्या गावाला हत्तीथडी म्हणतात, तिथं त्या वेळी नुसती थोडी खोपटं होती. अगदी शेवटच्या खोपटात पुसाई राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नदीचं पाणी ओसरलं की वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावायची आणि त्यावर पोट भरायची.

एका वर्षी पुरात हत्तीचं पिल्लू वाहत आलं. पुसाई गळाभर पाण्यात शिरली आणि त्याला ओढून काठाला लावलं. शेळीचं दूध पाजलं, आपल्या घोंगडीत निजवलं, नाव ठेवलं सावळ्या. सावळ्या मोठा झाला तसा तिचीच डांगरं चोरून खाऊ लागला. ती काठी घेऊन मागं लागली की सोंडेनं तिच्या डोक्यावर पाणी उडवायचा. त्या दिवसांत पुसाईचं हसू पलीकडच्या काठावर ऐकू जायचं, असं म्हणतात.

त्याच काळात पूर्वेकडे सिंहकेतू नावाचा राजा उभा राहत होता. त्याच्या बापाकडे एक गढी होती. याला सगळी पृथ्वी हवी होती. पाऊस सरला आणि त्याचं सैन्य नदी उतरायला इथं आलं. राजानं सावळ्याला पाहिलं आणि साखळ्या मागवल्या.

"महाराज," पुसाई आडवी आली, "त्याला माझ्यावाचून झोप येत नाही हो."

सैनिक हसले. राजा हसला नाही. "आई," तो म्हणाला, "पृथ्वी जिंकली की तुझा हत्ती आणून देईन."

सावळ्या वळून वळून बघत गेला.

मग सिंहकेतूचं राज्य वाढत गेलं. सावळ्याच्या मस्तकानं वेशीमागून वेशी फुटल्या. डोंगरातले राजे शरण आले, समुद्रापलीकडची गलबतं नजराणे घेऊन आली. राजधानीचे कळस इतके उंच चढले की ढग त्यांना अडून पाऊस पाडायचे, असं म्हणतात. बंदराकडे जाणारे व्यापारी हे सगळं पुसाईला सांगायचे. ती वेलावरचं सगळ्यात गोड डांगर बाजूला ठेवायची, ते सडून जायचं, आणि पुढच्या तांड्याला विचारायची, "पृथ्वी संपली का रे?"

"अजून थोडी उरलीय, म्हातारे."

दरवर्षी थोडी उरायचीच.

पण जितकं लांब जिंकलं, तितकं लांब राखावं लागलं. मांडलिक फिरले. राजाचे मुलगे एकमेकांवर उठले. कोठारांत धान्य उरलं नाही, आणि एका उन्हाळ्यात राजधानी पेटली ती विझलीच नाही. माणसं पोरंबाळं काखोटीला मारून नदी उतरू लागली. पुसाई प्रत्येकाला पाणी द्यायची आणि विचारायची, "माझा सावळ्या दिसला का कुठं?" कोणी मान हलवायचं, कोणी नुसतंच रडायचं.

एके दिवशी उन्हं कलताना पैलतीरावरून एक म्हातारा हत्ती आला. एक सुळा तुटलेला, डोळे पांढरे झालेले. त्याला कुणी हाकत नव्हतं. तो सरळ शेवटच्या खोपटापाशी थांबला आणि सोंडेनं पुसाईचा चेहरा, तिचे पिकले केस, तिचे हात चाचपत राहिला.

"किती वाळलास रे," ती एवढंच म्हणाली.

पाठीवरून एक माणूस घसरत उतरला. अंगावर फाटकी शाल, पाय रक्ताळलेले.

"आई, पृथ्वी काही संपली नाही," सिंहकेतू म्हणाला. "आणि ह्याला मी आणलं नाही. सगळे पळाले, तेव्हा हाच मला घेऊन निघाला. कुठं चाललाय, ते मला आत्ता कळलं."

या माणसासाठी पुसाईनं जन्मभर शाप जपले होते. ते तोंडाशी आले. पण तिनं डांगर फोडलं. अर्धं सावळ्याला दिलं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

सकाळी पैलतीरावर शत्रूचे घोडे दिसले. राजाला लपवलं म्हणून ते गाव जाळणार, हे सगळ्यांना कळलं. तेवढ्यात सावळ्या उठला आणि नदीत उतरला.

"सावळ्या, माघारी फिर!" पुसाई पाण्यात धावली.

तो फिरला नाही. जिथून नदी ओलांडायची त्या उताराच्या मधोमध जाऊन बसला. आणि आभाळात ढग नसताना नदीच्या वरच्या अंगानं पाण्याचा लोंढा आला. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या वेशी फोडल्या, तो त्या दिवशी या गावाची वेस होऊन बसला. घोडे पाण्याला बिचकले, स्वार माघारी गेले. पूर ओसरला तेव्हा तिथं काळा खडक होता, असं म्हणतात.

सिंहकेतू पुढं गेलाच नाही. मरेपर्यंत त्यानं डांगरांच्या वेलांना पाणी घातलं. पुसाईनं त्याला क्षमा केली का, हे कोणी सांगत नाही. पण रोज संध्याकाळी दोघं खडकाकडे तोंड करून बसत.

आज सगळ्या मुलखात दसऱ्याला लोक सोनं लुटायला सीमा ओलांडतात. हत्तीथडीत ओलांडत नाहीत. पोटापाण्यासाठी बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवशी घरी येतात, आणि गावातली म्हातारी माणसं सीमेवर वाट बघत उभी राहतात. शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी जेवायला बसत नाही. कोणी आलाच नाही, तर त्याचं पान तसंच वाढून ठेवतात. त्या पानाला पुसाईचं पान म्हणतात, आणि ते कुणीही उचलत नाही.