मानाची मूठ

त्या राज्यात रिकामे असणे हा एकच गुन्हा होता. बाकी सगळे चालत असे. गंज चालत असे, पोचे चालत असत, कोणाच्या अंगाला कुबट वास आला तरी शेजारी नाक मुरडून गप्प बसत. पण पोटात पोकळी असता कामा नये.

राज्य तीन फळ्यांचे होते. तिन्ही फळ्यांवर डबे, बरण्या आणि पिशव्या दाटीवाटीने राहत. झाकण हरवलेले डबे होते, आणि डबा हरवलेली झाकणेही होती. त्यांनाही जागा होती. एक खिडकी होती, पण तिच्यापुढे घड्या घातलेल्या पिशव्यांचा असा ढीग रचला होता की खिडकी आता फक्त ऐकिवात उरली होती. ढीग हलवायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणे, "असू द्या, कधीतरी लागेल." मग सगळे माना डोलावत आणि विषय संपे.

ठरल्या दिवशी पळीबाई फेरीला निघत. लांब दांड्याच्या, ताठ कण्याच्या, कानाने तिखट. प्रत्येकाच्या पोटावर त्या टक्क करून वाजवत. आतून 'भद्द' आले की जागा कायम. 'ठण्ण' आले की दाराबाहेर, अंगणात. असा हाकललेला कोणी परत आला नव्हता, त्यामुळे तिथे काय आहे हे सगळ्यांना पक्के माहीत होते, आणि प्रत्येकाला वेगळे माहीत होते.

साहजिकच जो तो मिळेल ते पोटात भरे. तुटकी रबरे, विझलेल्या काड्या, वास उडालेल्या मसाल्याच्या पुड्या, पाते नसलेल्या सुरीची मूठ. फेरीत 'भद्द' आवाज आला की त्या डब्याचा जीव भांड्यात पडे.

मधल्या फळीवर चौकोन्या नावाचा एक पत्र्याचा डबा होता. अंगावर रंगवलेले पोपट, त्यातल्या एकाची चोच खरवडून गेलेली. त्याच्या तळाशी एक पुरचुंडी होती. तिच्यात राखेत घोळून ठेवलेले पावट्याचे बी होते. तो नवा कोरा असताना, पोटात दुसरे काहीच नसताना, ती त्याच्याकडे आली होती, पुढच्या पेरणीपर्यंत सांभाळायला. राज्यात धान्य चिक्कार होते, पण बी म्हणून ठेवलेले तेवढेच. चौकोन्याने तिला शब्द दिला होता, "तुला केसभर धक्का लागू देणार नाही." ती त्याला दादा म्हणे. पुढे फेऱ्यांच्या धास्तीने त्याने तिच्यावर इतके काही रचले की तिचा आवाज त्याला क्वचितच ऐकू येऊ लागला. शब्द मात्र तो विसरला नव्हता. जीव होता त्याचा तिच्यावर.

वरच्या फळीवर पितळराव महाराज विराजमान होते. एवढे मोठे की त्यांच्या सावलीत अर्धी मधली फळी बसे. पळीबाई त्यांना कधी वाजवत नसत. महाराजांना वाजवायचे म्हणजे काय! उलट दर सणाला महाराज जरासे कलत आणि लायक प्रजाजनांना आपल्या पोटातले जुने तांदूळ मूठभर देत. तिला मानाची मूठ म्हणत. यंदा ती चौकोन्याला मिळाली होती. त्याने ती सगळ्यात वर, झाकणाला लागून ठेवली आणि महिनाभर शेजाऱ्यांना दुसरे काही बोलू दिले नाही.

आणि मग किडे दिसले.

पहिला दिसला तो तपकिरी, तिळाएवढा, पुढे सोंड असलेला. मधल्या फळीवरून तो इतक्या सावकाश चालला होता की जणू भाडे भरून राहतोय. "किडा! किडा!" असा एकच गिल्ला झाला. झाकणे खणखणली, बाटल्या एकमेकींवर आदळल्या, रव्याची पिशवी घाबरून अर्धी सांडली. खरे सांगायचे तर सगळ्यांना भलताच हुरूप आला होता. त्या राज्यात वर्षानुवर्षे काही घडलेच नव्हते.

महाराजांनी फर्मान काढले की झाकणे आवळा. चौकोन्याला मोहिमेचा प्रमुख नेमले. त्याची छाती अशी फुगली की कडेचा पोचा आपोआप बाहेर आला. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ओरडत फिरला, "झाकण आवळा, किडा टाळा!" सगळ्यांनी घोषणा उचलली. फटींत चिंध्या बसल्या, झाकणांवर रबरे चढली, ज्यांना झाकण नव्हते त्यांनी डोक्यावर बशी घेतली. पोटातल्या किड्यांना याहून चांगले दिवस कधी आले नव्हते. आत ऊब, अंधार, शांतता आणि दाणे. ते दाण्याला बारीक भोक पाडत, आत शिरत आणि आतून खात, त्यामुळे दाणा बाहेरून अगदी धडधाकट दिसे.

किडे वाढतच गेले. मग कोणीतरी मुगीकडे बोट दाखवले. मुगी ही मुगाची साधी कागदी पिशवी, नुकतीच बाजारातून आलेली. "आम्ही सगळे इथले. बाहेरून आली ती हीच," चौकोन्या गरजला. मुगी म्हणाली, "अहो, मला उघडून तरी बघा!" पण उघडायचे कसे? मोहीम तर आवळायची होती. चौकोन्याने स्वतः तिला ढकलत दारापर्यंत नेले, आणि ती उंबऱ्यावरून गडगडत गेली तेव्हा तिन्ही फळ्यांनी टाळ्या पिटल्या.

त्याच संध्याकाळी, घोषणा देऊन घसा बसलेला असताना, चौकोन्याला तळातून हाक ऐकू आली.

"दादा."

"बोल ग."

"काहीतरी कुरतडतंय."

"घाबरू नकोस. मुगीला घालवलंय आज. आता संपलं सगळं."

"दादा, आवाज बाहेरून नाही येत. वरून येतोय. तुझ्या झाकणाखालून. तिथे काय ठेवलंयस?"

तिथे काय होते ते साऱ्या राज्याला ठाऊक होते. "महाराजांचं आहे ते," चौकोन्या म्हणाला. "त्यात कसे असतील किडे?"

"माझी राख गळत चाललीय," पुरचुंडी हळूच म्हणाली. "आज एका बीला भोक पडलं."

आता चौकोन्यालाही ते ऐकू येऊ लागले: कुर्र, कुर्र, कुर्र. इतके दिवस तो स्वतःच इतका ओरडत होता की ऐकू आले नव्हते एवढेच.

शेजारी लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, बरणीमावशी. तिच्यात मीठ भरपूर, म्हणून किड्यांची तिला पर्वा नव्हती आणि फारशी कोणाचीच नव्हती. चौकोन्याने तिला कुजबुजत विचारले, "मावशी, किड्यांवर उपाय काय?"

"ऊन," मावशी म्हणाली. "आम्ही वर्षातून एकदा सगळे अंगणात जायचो. झाकणं काढून दिवसभर उन्हात बसायचो. किडे असे पळत सुटायचे की बघत राहावं. हसून हसून मुरंबा सांडायचा."

"मग बंद का झालं?"

"झाकण काढलं की आत काय आहे ते दिसतं ना रे बाबा."

चौकोन्या विचार करू लागला. ऊन अंगणात होते. अंगणात जायला एकच वाट होती, आणि ती गुन्ह्यातून जात होती. पुरचुंडीला वाचवायचे तर जागा जाणार, मोहीम जाणार, महाराजांचा मान जाणार, पोपटांसकट सगळी अब्रू जाणार. त्याला भयंकर भीती वाटली. पण भीतीच्या शेजारीच दुसरे काहीतरी उसळत होते, ते त्याने नवा कोरा असतानाच अनुभवले होते.

फेरीच्या सकाळी सगळे फळीच्या कडेला येऊन उभे राहिले. पळीबाई निघाल्या. भद्द. भद्द. भद्द. त्या चौकोन्यापुढे आल्या आणि दांडा उचलणार तोच तो म्हणाला, "थांबा बाई, जरा."

आणि त्याने झाकण काढले.

झाकण फळीवर पडले, घरंगळले, खाली जाऊन गरगर फिरत राहिले. चौकोन्या कलंडला आणि सगळे ओतू लागला. आधी मानाची मूठ. फळीवर तांदूळ पडला आणि चालू लागला! दाणा दाणा सुटला, भोकाभोकातून सोंडा निघाल्या, आणि जिथे तांदूळ होता तिथे पीठ आणि टरफले उरली. "अगं बाई!" असे रव्याची पिशवी किंचाळली. चौकोन्या थांबला नाही. पाठोपाठ रबरे, काड्या, पुड्या, सुरीची मूठ, कुठल्याशा कुलपाची किल्ली. एकेक वस्तू पडे तसे त्याला हलके हलके वाटे आणि आणखी ओतावेसे वाटे. शेवटी आत फक्त पुरचुंडी उरली. तिला त्याने कोपऱ्यात घट्ट धरले.

"हे काय चाललंय?" महाराज वरून म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त घुमला. "ते दाणे आमचे नव्हेत. पळीबाई, वाजवा त्याला."

पळीबाईंनी वाजवले.

ठण्ण!

असा आवाज त्या राज्यात कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो भिंतींवर गेला, परतला, बरण्यांच्या काचांतून शिरशिरत गेला. चहाच्या डब्याचे अंग शहारले. पळीबाई स्वतः क्षणभर दांडा खाली घ्यायच्या विसरल्या. आवाज विरला तेव्हा कोणीतरी फार हळू म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवा ना." कोण म्हणाले ते कळले नाही, आणि कोणी कबूलही केले नसते.

"बाहेर!" महाराज गरजले.

चौकोन्या स्वतःहून निघाला. फळीवरून उडी, जमिनीवरून गडगड, उंबऱ्यावर एक उसळी, आणि पोटात पुरचुंडी हसत ओरडतेय, "दादा, जपून! दादा, अजून जोरात!" पायऱ्यांवरून ठण्ण ठण्ण करत तो खाली गेला आणि भिंतीच्या कडेला मऊ मातीत तोंड वर करून रुतला.

वर निळे होते. इतके मोठे काही त्याने पाहिलेच नव्हते. ऊन सरळ त्याच्या तळापर्यंत उतरले. पत्रा तापला. पुरचुंडीच्या घडीत लपलेला एकुलता एक किडा घाईघाईने बाहेर आला, काठावर चढला आणि पळत सुटला.

"बी किती उरलं?" त्याने विचारले.

"पुरेसं," ती म्हणाली.

बाजूलाच मुगी होती. तिचा कागद फाटला होता, मूग मातीभर पसरले होते आणि त्यांना इवले पांढरे मोड आले होते. चौकोन्याला तिच्याकडे बघवेना. "तुझ्यात एकही किडा नव्हता," तो म्हणाला. "मला माफ कर."

"मला माहीत होतं रे," मुगी म्हणाली. "तुम्ही कोणी बघितलंच नाहीत. बरं, आता सरक जरा, माझ्या मुगांवर सावली पडतेय."

पुढचे दिवस भराभर गेले. वाऱ्याने माती आणली आणि चौकोन्याच्या पोटात टाकली. पाणी आले. पुरचुंडीचे कापड कुजले, गाठ सुटली, आणि एका सकाळी मातीला भेग पडून त्यातून वाकलेली हिरवी मान वर आली. चौकोन्या आनंदाने एवढा ओरडला की मुगी दचकली. वेल वाढला, भिंतीला धरून चढला, आणि खिडकीच्या गजांतून आत शिरला. पिशव्यांचा ढीग त्याने काही हलवला नाही. फटीफटीतून वाट काढत गेला. आतल्यांना एक दिवस वरच्या फळीजवळ पाने दिसली. त्यांनी मान वळवली. त्यांच्या मोहिमा चालूच होत्या, फक्त आता घोषणा द्यायला फारसे कोणी उरले नव्हते, कारण आवळलेल्या झाकणांखाली बरेच डबे नुसते पिठाचे झाले होते.

वेलाला शेंगा धरल्या. शेंगा पिकल्या, वाळल्या, आत बी खुळखुळू लागले. फेरीचा दिवस होता. अंगणात चौकोन्या काठोकाठ मातीने भरून उन्हात बसला होता, आणि आतून नेहमीचे आवाज येत होते. भद्द. भद्द. मग वाऱ्याची एक झुळूक आली, सगळा वेल हलला, आणि वरच्या फळीपर्यंत पोचलेली एक वाळकी शेंग पितळराव महाराजांच्या पोटावर आपटली.

ठण्ण!

चौकोन्याने तो आवाज ओळखला. त्याचाच होता तो, फक्त कितीतरी मोठा. तो थांबेचना. खिडकीतून बाहेर आला, अंगणभर पसरला, मुगीच्या रोपांची पाने हलवून गेला. मग आतले भद्द भद्द थांबले.

"दादा," वेलावरून आवाज आला, "ऐकलंस?"

तो उत्तर देणार एवढ्यात फळीवरून काहीतरी पडल्याचा खणखणाट झाला, आणि एक झाकण गरगर फिरत उंबऱ्यापर्यंत आले. त्याच्या मागून दुसरे. त्याच्या मागून तिसरे.