सगळं हिरवं

“...मग राहिला कोणता प्रश्न, सिस्टर? बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म आहे माझा. झोप, मीठ, तंबाखू, व्यायाम, सगळं विचारतो मी. आता त्रेचाळिसावा कोणता घालू?”

निरंजन बर्गे विचारत होता आणि सिस्टर इंदुमती गवार मोडत बसल्या होत्या.

शिरोलीच्या एका फाउंड्रीच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं काढलेली ही बाई. कामगार आजारी पडायच्या आधीच त्याला सांभाळायचं, हे कंपन्यांना सुचलं अलीकडे. सिस्टर पहिल्यापासून तेच करत होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेल्थ कोच घडवले. त्यांतला सगळ्यात हुशार निरंजन. आणि ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, तीच तर गोम होती.

आज मात्र त्याचं तोंड पार उतरलं होतं.

“कोण गेलं?” सिस्टरांनी विचारलं.

“तुम्हाला कसं...”

“एका प्रश्नासाठी कोणी भर उन्हात एवढ्या लांब येत नाही. कोण गेलं?”

“बाळगोंडा मगदूम. तुमच्याच फाउंड्रीतले, मोल्डिंग खात्यातले. मंगळवारी कामावरच कोसळले. हार्ट अटॅक.”

सिस्टरांचे हात थांबले.

“अरे देवा... पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता तो, नुकताच कामाला लागलेला. बोट ठेचलं होतं त्याचं. मी पट्टी बांधली होती.”

त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली.

“तुझ्या यादीत होता?”

“पहिल्या नंबरावर. वजन, साखर, बीपी... सगळं हिरवं होतं त्यांचं.”

या हिरव्याची गोष्ट अशी. निरंजननं खात्याखात्यांत स्पर्धा लावली होती. दर तीन महिन्यांनी तपासणी; तक्त्यात चांगला आकडा हिरवा, बिघडलेला लाल, आणि ज्या खात्यात हिरवं जास्त त्याला बक्षिसाची ढाल. मालक खूश झाले. खातीही इरेला पेटली. इतकी, की तपासणीआधी दोन दिवस मोल्डिंगवाले नुसत्या चहावर राहायचे. ज्याचा आकडा बिघडेल त्याच्यापायी सगळ्यांची ढाल जाणार. ते खापर आपल्या डोक्यावर कोण फोडून घेईल? बाळगोंडाची छाती आठ दिवस, तपासणीच्या आधीपासून, दुखत होती. निरंजनला हे कळलं ते मयताला गेलेल्या कामगारांकडून.

“छातीत दुखतं का, हा प्रश्न आहे ना फॉर्मात?” सिस्टर म्हणाल्या.

“आहे की. त्यांनी ‘नाही’वर खूण केली.”

“कुणासमोर?”

“सगळं खातं एकत्र बसून भरतं. म्हणजे उत्साह राहतो.”

“उत्साह,” सिस्टर म्हणाल्या. “आणि एकटा? एकटा कधी भेटला नाही तुला?”

निरंजन फरशीकडे बघत बोलला.

“भेटले होते. ढाल दिली त्या दिवशी, मंडपाच्या मागं. म्हणाले, साहेब, जरा...”

“जरा काय?”

“मी मोबाइलवर त्यांचा तक्ता दाखवला. म्हटलं, अण्णा, तुमचं सगळं हिरवं आहे, चला. आणि फोटोला ओढून नेलं.”

“जरा काय, निरंजन?”

“माहीत नाही, सिस्टर. नाही माहीत मला.”

आणि तिशी ओलांडलेला तो गडी लहान मुलासारखा रडायला लागला. सिस्टरांनी त्याला रडू दिलं. ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत, ‘तुझी चूक नाही’ असंही म्हणाल्या नाहीत. स्वतःचे डोळे तेवढे पदरानं टिपले.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून कागद काढला. राजीनामा.

“सोमवारपासून चाळीस नवे कोच येणार आहेत माझ्या हाताखाली. त्यांना कुठल्या तोंडानं शिकवू? तुम्ही वाचा आणि हो म्हणा. म्हणजे मी सुटलो.”

सिस्टरांनी हात पुसले, चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी घालून त्याच्या हातात परत ठेवला.

“छान लिहिलंयस. तू लिहितोस छानच.”

“मग...”

“बाळगोंडाच्या घरी गेलास?”

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

“का?”

“त्यांची बायको... शिव्या देईल मला. नाहीतर एक अक्षर बोलणार नाही, नुसती बघत राहील. ते जास्त वाईट.”

“असेल. जा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

निरंजन उठला. चपला घातल्या. दारात घुटमळला, आणि वळून अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, “सिस्टर, पण तिथं जाऊन मी बोलू काय?”

सिस्टरांनी चष्मा काढला.

“बोलायला कोणी सांगितलंय तुला?”